अकरा खिशांचा कोट

थंडी वाजणे ही माणसाची वैयक्तिक बाब आहे. कोट घेणे ही कौटुंबिक. या दोन बाबींची गल्लत केल्यामुळे कितीतरी घरांत लोक सरळ दुकानात जातात, अंगाला बसेल तो कोट घेतात आणि ऊब लागली की गप्प बसतात. अशा घरांना शिस्त नसते. आमच्या घराला आहे.

मी एका मोठ्या कार्यालयाच्या खरेदी विभागात काम करतो. गेल्या नऊ वर्षांत आमच्या विभागाने एकही चुकीची वस्तू खरेदी केलेली नाही. (एकूण खरेदी : दोन खुर्च्या आणि एक टेबलावरची घंटा. खुर्च्या अजून चाचणीत आहेत, त्यामुळे त्यांवर कोणी बसत नाही.) या अनुभवाचा फायदा घरच्यांनाही मिळावा म्हणून मी आमच्या घरी खरेदी समिती स्थापन केली. सदस्य चार : अध्यक्ष मी स्वतः, आई (अनुभवासाठी), धाकटा भाऊ (तांत्रिक बाजूसाठी) आणि आमची सात वर्षांची भिंगरी, भावी पिढीचं प्रतिनिधित्व म्हणून. बायको समितीवर नाही. कारण घरात लागणाऱ्या वस्तूंचा अर्ज बहुतेक वेळा तीच करते, आणि अर्जदाराने स्वतःच्या अर्जावर मत देऊ नये हा साधा न्याय आहे. बैठकीला चहा मात्र तीच आणते. त्यामुळे तिला डावललं असं कोणी म्हणू शकत नाही.

प्रकरण असं सुरू झालं. थंडीच्या दुसऱ्या आठवड्यात अर्जदाराच्या जुन्या कोटाची चेन तुटली. कोट आठ वर्षांचा, म्हणजे भिंगरीपेक्षा एक वर्षाने मोठा. भिंगरीचं दूध, भिंगरीचं औषध, भिंगरीचे रंग आणि एकदा अख्खी भिंगरी (ताप असताना, पाच तास) त्या कोटाने अंगावर घेतली होती. चेनच्या जागी चार सेफ्टी पिना लावून अर्जदाराने तोंडी अर्ज केला.

"अहो, मला कोट लागेल हो. वारा सरळ आत शिरतो."

तोंडी अर्ज आम्ही ग्राह्य धरत नाही. तरी मी माणुसकीच्या नात्याने तो पूर्ण ऐकून घेतला, आणि लेखी द्यायला सांगितलं. तिने तो भिंगरीच्या शुद्धलेखनाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिला. त्यात "थंडी" हा एकच शब्द होता. कारणमीमांसा नाही, जोडपत्र नाही. मी तो त्रुटींसह दाखल करून घेतला.

त्रुटी भरून काढण्यासाठी अर्जदाराची माहिती मलाच लिहावी लागली. ती इथे देतो.

अर्जदार एका लॅबमध्ये रक्त काढते. म्हणजे सकाळी उपाशीपोटी आलेली माणसं तिच्यासमोर खुर्चीत बसतात, बाही वर करतात, तोंड फिरवतात आणि ती बोटाने चाचपून शीर शोधते. लॅबमध्ये असं काम दोनच बायका करतात. हिला ती खुर्ची सहा वर्षांनी मिळाली. त्याआधी ती मागच्या खोलीत रक्ताच्या नळ्यांवर लेबलं चिकटवत होती. "हिचा हात हलका आहे" असं म्हणून लॅबच्या मॅडमनी तिला पुढे आणलं. काही म्हातारी माणसं फोन करून ती आहे का विचारतात आणि मगच येतात. (याचा मला अभिमान आहे. एकदा मी तो बोलूनही दाखवला होता.)

आता सकाळ. सहा चाळीसला अर्जदार भिंगरीला घेऊन घरातून निघते. शाळेची बस सातला येते असं शाळा म्हणते. ती सव्वासातला येते असं रस्ता म्हणतो. तोवर दोघी कोपऱ्यावरच्या खांबाशी उभ्या. तिथे तीन बाजूंनी वारा येतो आणि चौथ्या बाजूला बंद गॅरेज आहे. भिंगरी बसमध्ये चढली की अर्जदार धावत स्वतःची बस धरते आणि लोखंडी दांड्याला लटकून वीस मिनिटांत लॅबमध्ये पोचते. तोवर तिची बोटं पांढरी पडलेली असतात. पांढऱ्या बोटांना शीर लागत नाही. (हातमोजे का नाहीत, असं कोणी विचारील. अर्जदाराचे हातमोजे भिंगरीच्या हातात असतात. भिंगरीचे शाळेत हरवले. हातमोज्यांचा अर्ज वेगळा करावा लागतो.)

लॅबमध्ये एक तक्रारवही आहे. एका हंगामात एकाच बाईविरुद्ध तीन तक्रारी झाल्या की तिला मागच्या खोलीत पाठवतात. थंडीच्या तिसऱ्या आठवड्यात पहिली नोंद झाली : "बाईंचे हात फार गार. दोनदा टोचले."

"अजून दोन झाल्या की संपलं," अर्जदार चहाचे कप ठेवता ठेवता म्हणाली. "सहा वर्षं मागं काढलीत मी. परत त्या खोलीत नाही जायचंय मला."

बैठकीच्या इतिवृत्तात मी नोंद केली : 'अर्जदाराने कामाच्या ठिकाणची काही बाब मांडली. चहा घेण्यात आला.'

यानंतर समितीने गरजा निश्चित केल्या. एका संसारी, नोकरी करणाऱ्या, सदा धावपळीत असणाऱ्या आईला शोभेल असा कोट कसा असावा, याचा इतका खोल विचार आजवर कुठल्याही घरात झाला नसेल. आईने तीन मुद्दे मांडले. कोट गुडघ्याखाली यावा. रंग मळखाऊ असावा. आणि तो वाढत्या अंगाचा घ्यावा.

अर्जदाराचं वय अडतीस आहे. तिने हळूच विचारलं, "आई, आता कुठे वाढणार मी?"

"अगं, तू नाही तर भिंगरी वाढेल की! आठ-दहा वर्षांनी तिला होईल. आणि तोपर्यंत मला शालीवरून घालता येईल. थंडी काय तुलाच वाजते का?"

या युक्तिवादात मला एकही छिद्र सापडलं नाही.

भावाने तांत्रिक मुद्दे लिहूनच आणले होते. माझा भाऊ गिर्यारोहक आहे. अजून डोंगर चढलेला नाही, पण सामान पूर्ण झालं की चढणार आहे. त्याच्या मते कोटाचे तीन थर हवेत आणि ते सुटे करता यायला हवेत. टोपी काढता-घालता यायला हवी. पाठीवर अंधारात चमकणारी पट्टी हवी. आणि कपड्यातून घाम बाहेर जायला हवा पण पाऊस आत यायला नको.

"घाम कुठला हो भाऊजी," अर्जदार म्हणाली, "मी खांबाशी उभी असते."

"वहिनी, तुम्ही आजचा विचार करताय. आपण पुढच्या दहा वर्षांचा करतोय."

माझे मुद्दे अध्यक्षपदाला साजेसे, म्हणजे मोजके होते. कोट ऑफिसात चालावा, शाळेच्या पालकसभेत चालावा, दवाखान्यात, लग्नात आणि कोणी गेल्यास तिथेही चालावा. घडी केल्यावर बसमध्ये उशी व्हावी. आणि आणीबाणीच्या वेळी मला बसावा. (आणीबाणी म्हणजे माझा कोट धुवायला टाकलेला असतो तो दिवस.) भिंगरीची मागणी एकच होती : "मला आईच्या पोटाशी आत शिरता आलं पाहिजे, आणि तिथून बटण लावता आलं पाहिजे." भावी पिढीचा मान राखून तीही मंजूर झाली.

ऊब हा मुद्दा यादीत घेतला नाही. तो गृहीत धरला होता.

पुढचे पाच आठवडे समितीने जे काम केलं त्याला तोड नाही. एकूण बैठका अकरा. मोबाईलवर पाहिलेले कोट एकशे त्रेचाळीस. नामंजूर एकशे त्रेचाळीस. कारणवार तपशील असा :

फक्त कोट म्हणूनच वापरता येतो – ४१
डाग दिसेल – ३८
अध्यक्षांच्या खांद्यात अडकण्याची शक्यता – २७
दिसायला चांगला आहे (आईची हरकत : लेकुरवाळीला इतकं नटून कुठे जायचंय?) – २२
अर्जदाराला आवडला (निर्णयात पक्षपात शिरण्याचा धोका) – १५

या काळात बाहेरचं तापमान सातत्याने उतरत गेलं. पण बैठका आत होत असल्यामुळे कामकाजावर परिणाम झाला नाही. हीटरजवळची जागा वयोमानानुसार आईला, अभ्यासामुळे भिंगरीला, सर्दीमुळे भावाला आणि अध्यक्ष या नात्याने मला देण्यात आली होती.

अकराव्या बैठकीत एक अनुचित प्रकार घडला. मी कॉलरच्या रुंदीवर बोलत असताना अर्जदार चहा घेऊन आली. तिने ट्रे खाली ठेवला आणि मागून माझ्या मानेवर हात ठेवला.

मी खुर्चीतून वीतभर उडालो. "अगं काय हे! हात आहे का बर्फाची लादी?"

"आज एका बाईनं हेच लिहिलं वहीत," ती म्हणाली. "तुमचं वाक्य आणि तिचं वाक्य, काही फरक नाही बघा. दुसरी नोंद. आता एक उरली."

'अध्यक्षांवर शारीरिक दबाव आणण्याचा प्रयत्न' अशी याची नोंद करावी लागली. तरीही मन मोठं करून, त्या मानेवरच्या हाताचा आकस न ठेवता, मी ठराव मांडला : येत्या रविवारी समितीने प्रत्यक्ष दुकानात जावे. ठराव एकमताने मंजूर झाला. (अर्जदारालाही सोबत न्यावे, अशी दुरुस्ती भिंगरीने सुचवली. तीही झाली.)

दुकान दुमजली होतं. खाली बायकांचे कपडे, वर पुरुषांचे, जिन्यात मुलांचे. काउंटरवरच्या मुलीने आम्हा पाचजणांकडे पाहून हसत विचारलं, "कोणासाठी बघायचाय कोट?"

"सगळ्यांसाठी," मी म्हणालो.

"अरे वा! म्हणजे किती दाखवू?"

"एक."

मुलगी हुशार होती. तिने वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं.

समिती वरच्या मजल्याकडे निघाली तेवढ्यात एक गोष्ट घडली, जी लपवण्यात अर्थ नाही. अर्जदाराने खालच्या मजल्यावर एक कोट अंगात घातला. कोणाला न विचारता. जांभळा, आखूड, साधा कोट. पट्टी नाही, टोपी नाही, थर नाहीत. दोन बाजूंना दोन खिसे, आतून मऊ लोकरीचं अस्तर. तिने दोन्ही हात खिशात घातले आणि ती आरशासमोर नव्हे, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. डोळे मिटून. एक मिनिट वीस सेकंद. (भावाने घड्याळ लावलं होतं, ते दुसऱ्या कोटाच्या पाणी-चाचणीसाठी होतं.)

"ताई, तुमच्यासाठीच शिवल्यासारखा आहे हो हा," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

आणि नेमका हाच त्यात दोष होता. एकाच माणसाला बसणारी वस्तू घरात आणणं म्हणजे बाकीच्या चौघांचा अपमान. पण मी ते बोललो नाही. आईने ते काम सौम्यपणे केलं.

"छान आहे गं. नाही कोण म्हणतंय? पण दोनच खिसे? लेकराबाळांच्या बाईला दोन खिशांत काय होतंय?"

"आई," अर्जदार डोळे न उघडता म्हणाली, "हातही दोनच आहेत मला."

विनोद चांगला होता. मी तो इतिवृत्तातून वगळला.

वरच्या मजल्यावर आम्हाला हवा होता तो कोट मिळाला. मी आजवर अनेक वस्तूंच्या निविदा वाचल्या, पण समितीच्या सगळ्या अटी अशा एका जागी लटकताना पहिल्यांदाच पाहिल्या. रंग ओल्या मातीचा. त्यावर माती सांडली तरी ती कोटाचाच भाग वाटावी. पाठीवर पट्टी. थर तीन. खिसे अकरा. लगेच चाचण्या सुरू झाल्या. आईने तो शालीवरून घालून पाहिला. भावाने बाहीवर अख्खी बाटली ओतली. (काउंटरवरची मुलगी किंचाळली, कोट ओला झाला नाही, तिचं रजिस्टर झालं.) मी तो घालून दोन्ही हात पसरले, खाली वाकलो, बसमध्ये डुलकी घेतल्यासारखं केलं. भिंगरी आत शिरली, तिने बटणं लावली आणि ती खालून बाहेर आली. सगळ्या चाचण्यांत कोट पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला. अर्जदाराची चाचणी तेवढी राहिली, कारण भिंगरीला शू लागली होती आणि तिला घेऊन अर्जदारच गेली होती.

घरी आल्यावर असं दिसलं की बाह्या चार बोटं लांब आहेत. हात आत ठेवला तर बसचा दांडा सुटतो आणि भिंगरीला आईचा हात सापडत नाही. आईने दोन्ही बाह्या व्यवस्थित दुमडून दिल्या आणि टाके घातले. "लागतील तशा उलगडायच्या," ती म्हणाली. अर्जदाराचे हात वाढण्याची शक्यता कमी आहे, पण तयारी असलेली बरी.

त्यानंतर खिशांचं वाटप झालं. हे काम मी स्वतः केलं आणि यादी टाईप करून दाराच्या मागे, कोटाच्या खुंटीशेजारी चिकटवली :

खिसा १ : भिंगरीची पाण्याची बाटली.
खिसा २ : भिंगरीचा डबा. (दप्तरात मावत नाही. दप्तरात भिंगरीने जमवलेले दगड असतात.)
खिसा ३ : नाक पुसायचे रुमाल, न वापरलेले.
खिसा ४ : तेच, वापरलेले. (३ आणि ४ यांची अदलाबदल झाल्यास जबाबदारी अर्जदाराची.)
खिसा ५ : आईच्या गोळ्या आणि चष्मा. आई सोबत नसली तरी. ती अचानक बसस्टॉपवर आली तर?
खिसा ६ : सगळ्यांच्या जादा किल्ल्या.
खिसा ७ : माझं पेन, माझा कोरा कागद, माझ्या खोकल्याच्या गोळ्या.
खिसा ८ : भावाचं होकायंत्र आणि शिट्टी. (संकटात वाजवण्यासाठी. संकट भावाचं.)
खिसा ९ : भिंगरीचे मेणाचे खडू, आणि शाळेने त्या दिवशी जे मागितलं असेल ते : वाळलेलं पान, रिकामी काडेपेटी, दोन बटणं.
खिसा १० : घडी केलेल्या पिशव्या, येताना सामान आणण्यासाठी.
खिसा ११ (आतला, काळजाजवळचा, चेन असलेला) : मिक्सर, इस्त्री आणि हीटर यांची वॉरंटी कार्डं.

वाटप इतकं नेमकं झालं की एकही खिसा वाया गेला नाही. अर्जदाराचा स्वतःचा बसचा पास पूर्वीप्रमाणेच दातांत राहिला.

सोमवारी सकाळी सहा अडतीसला आम्ही सगळे दाराशी जमलो. अर्जदाराने कोट घातला. ती जरा पुढे झुकली, मग वजनाचा अंदाज घेऊन सरळ झाली. खुळखुळ असा आवाज झाला. (गोळ्या.) मग तिने सवयीने दोन्ही हात खाली नेले, एका खिशाशी, दुसऱ्या खिशाशी, वरच्या, मागच्या. आणि आमच्याकडे पाहिलं.

"मी हात कुठे घालू?"

प्रश्न अजेंड्यावर नव्हता.

भाऊ म्हणाला, "पण वहिनी, एका हातात तुमची पिशवी, दुसऱ्या हातात भिंगरी. मग रिकामे हात आहेत कुठे?"

हे तांत्रिक उत्तर होतं आणि ते बिनतोड होतं. हातांचा प्रश्न 'पूरक मागणी' म्हणून पुढच्या बैठकीवर टाकण्यात आला. अर्जदाराने पास दातांत धरला आणि ती निघाली.

पुढचे आठ दिवस लॅबमध्ये एकही तक्रार झाली नाही. उलट एका म्हाताऱ्या आजोबांनी, जे दर आठवड्याला रक्त द्यायला येतात आणि हिच्याशिवाय कोणाकडे देत नाहीत, "आज टोचलेलं कळलंच नाही, बाई" असं म्हटलं. अर्जदार घरी येऊन गुणगुणत भांडी लावत होती. याचं संपूर्ण श्रेय कोटाला, म्हणजे समितीला जातं, असं मी चार लोकांना सांगितलंही. पण खरेदी विभागात एक शिकवण असते : वस्तू चांगली चालली आहे असं दिसलं की तपासणी करावी. मी केली. खिसा क्रमांक नऊ रिकामा होता.

खडूंचा शोध घेतला असता ते भिंगरीच्या मोज्यांत सापडले. पाच डाव्या पायात, सात उजव्या.

"हे इथे कोणी ठेवले?"

"मी," भिंगरी म्हणाली.

"का?"

"त्या खिशात आईचा हात राहतो, बाबा. उजवा. डावा मी धरते."

"आणि काडेपेटी? पान?"

"ते टोपीत."

समितीची तातडीची बैठक झाली. भिंगरीच्या भावना सगळ्यांनी समजून घेतल्या. आईने तर तिला जवळही घेतलं. पण मोज्यांत खडू मोडतात, टाचेला रंग लागतो, शाळेची चिठ्ठी येऊ शकते, हे सगळं एका बाजूला ठेवलं तरी मूळ मुद्दा शिल्लक राहतो : आज एका हाताला खिसा दिला तर उद्या दुसरा हात मागणारच. मग डब्याने जायचं कुठे? शिट्टीने कुठे? भिंगरीला समज देण्यात आली आणि खडू खिसा क्रमांक नऊमध्ये पूर्ववत करण्यात आले. अर्जदार ट्रे घेऊन उभी होती. ती काही म्हणाली नाही, त्यामुळे तिची संमती गृहीत धरली.

चौथ्या दिवशी तिसरी नोंद झाली. ती त्याच आजोबांनी केली. ते सुईने दचकले, नळी सांडली, त्यांची बाही भरली. त्यांना लिहायचं नव्हतं. पण त्यांची सून सोबत होती आणि ती म्हणाली, लिहा, नाहीतर मी लिहिते. "अक्षर सुंदर होतं त्यांचं," अर्जदाराने सांगितलं. "लिहून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, बाई, माफ करा हं. मीच म्हटलं, असू दे आजोबा."

दुसऱ्या दिवसापासून अर्जदार मागच्या खोलीत आहे.

या घटनेकडे संकुचित नजरेने पाहणारे याला नुकसान म्हणतील. समितीने मात्र सर्व बाजूंनी मूल्यमापन केलं. मागच्या खोलीत नळ्या खराब होऊ नयेत म्हणून थंडावा ठेवतात. वर्षभर. त्यामुळे पूर्वी जो कोट दिवसातून जेमतेम दीड तास वापरला जायचा, तो आता साडेनऊ तास वापरात असतो आणि उन्हाळ्यातही राहील. आमच्या विभागाच्या इतिहासात कुठल्याही वस्तूचा वापर असा सहापटीने वाढलेला नाही. शिवाय नळ्या गार हाताबद्दल तक्रार करत नाहीत. शिवाय त्या खोलीत कोणी येत-जात नाही, तेव्हा मळखाऊ रंग अगदी शोभून दिसतो.

त्या संध्याकाळी तेराव्या, म्हणजे समारोपाच्या बैठकीत मी हे आकडे वाचून दाखवत होतो. भावाने टाळ्या वाजवल्या. मग आमच्या लक्षात आलं की चहा आलेला नाही. आई उठून स्वयंपाकघरात डोकावली आणि परत येऊन म्हणाली, "अरे, ती गॅसपाशी नुसतीच उभी आहे. वर भांडं नाही, काही नाही. दोन्ही हात जाळावर धरलेत. गॅस फुकट जातोय."

भिंगरी माझ्या शेजारून उठली आणि आत गेली. कोरम मोडला, पण तोवर ठराव झाला होता.

इतिवृत्ताची शेवटची ओळ अशी आहे : 'बहुउपयोगी कोट सर्व निकषांवर यशस्वी. चहा आला नाही. कारण नोंदलेले नाही.'

तेव्हापासून आमचं इतिवृत्त वाचून बरेच लोक हसले आहेत. तुम्हीही हसला असाल, विशेषतः शिट्टीपाशी. हसायला हरकत नाही. फक्त एक छोटी तपासणी करा, दोन मिनिटांचं काम आहे. आत्ता उठा. तुमच्या दाराच्या मागे जाऊन तिचा कोट शोधा. कोट नसेल तर तिची पर्स घ्या, पिशवी घ्या, जे ती रोज खांद्यावर घालून निघते ते घ्या. प्रत्येक खिशात हात घाला. आत जे जे सापडेल त्याची यादी करा आणि प्रत्येक वस्तूपुढे ती कोणाची ते लिहा. तिची स्वतःची एक जरी वस्तू निघाली तर मला कळवा; तुमच्या घराला समितीची गरज आहे.

यादी करायला पेन लागेल. शोधत बसू नका. तेही तिच्याच खिशात आहे.